पंडिता रमाबाई : परक्यांना घर देणारी माता



धाराशिवहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंड मागे पडले की काही वेळाने केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. आपण खिडकीतून पाटी वाचतो आणि पुन्हा डुलकी घेतो. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच केडगावच्या माळावर एका विधवा बाईने दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना आणून वसवले. त्या मुली तिच्या नात्यातल्या नव्हत्या, गावातल्या नव्हत्या, कित्येकींची तर भाषाही वेगळी होती. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. आज त्यांच्या जीवनाविषयी लिहायचे आहे. परंतु त्याआधी माझी स्वतःची एक चूक तुमच्यापुढे कबूल करतो, कारण त्या चुकीमुळेच मी रमाबाईंचे चरित्र पुन्हा हाती घेतले.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास कोणीतरी फाटक वाजवले. पाहतो तर रस्त्याच्या कामावर जाणारे एक कुटुंब उभे होते. नवरा, बायको, दोन लेकरे आणि डोक्यावर भांड्यांचे बोचके. त्यांचा टेम्पो बंद पडला होता. रात्रीपुरता व्हरांडा मिळेल का, एवढेच ते मोडक्या हिंदीत विचारत होते. हॉलची किल्ली माझ्याकडे नाही, एस.टी. स्टँड जवळच आहे, असे सांगून मी त्यांना वाटेला लावले. किल्ली माझ्या खोलीतच खिळ्याला टांगलेली होती. मी दमलो होतो, मनात थोडी भीती होती, आणि उद्या कोणी विचारले तर काय सांगायचे हाही विचार होता. सकाळी मी नेहमीप्रमाणे मिस्सा अर्पण केली.

दोन दिवसांनी कळले की आपल्याच धर्मग्रामातल्या एका आजींनी त्या कुटुंबाला आपल्या पत्र्याच्या घरात ठेवून घेतले होते. पिठलं-भाकरी खाऊ घातली आणि सकाळी लेकरांसोबत शिदोरीही दिली. मी आजींना विचारले, तेव्हा त्यांनी फार काही सांगितले नाही. १९९३ च्या सप्टेंबरात भूकंपाने उमरगा तालुक्यातले त्यांचे घर पडले, तेव्हा पावसात उघड्यावर बसलेल्या त्यांच्या लेकरांवर कोणा अनोळखी माणसाने आपली वाकळ टाकली होती. तो कोण, कुठला, हे त्यांना आजवर कळलेले नाही. वाकळ परत करायची राहून गेली आहे, एवढेच त्यांनी सांगितले.

माझ्याजवळ तत्त्वज्ञानाची पदवी आहे, आजींजवळ शाळेचा दाखलाही नाही. पण त्या रात्री शुभवर्तमान त्यांना समजले होते, मला नाही.

पाहुणा आणि अतिथी

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. पाहुणा येतो तो बहुधा सांगून येतो. तो आपल्या नात्यातला, ओळखीतला असतो. आज आपण त्याच्याकडे जेवलो, उद्या तो आपल्याकडे जेवेल, असा तो हिशेब असतो. अतिथी मात्र ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. तो अवेळी येतो, आपली सोय पाहून येत नाही. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आतिथ्यासाठी जो शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ परक्यावर प्रेम असा होतो. म्हणजे भावाबहिणींना जेवू घालणे चांगलेच आहे, पण त्याला अजून ख्रिस्ती आतिथ्य म्हणता येत नाही. जिथे हिशेब संपतो तिथे आतिथ्य सुरू होते.

पवित्र शास्त्रात हा धागा सुरुवातीपासून आहे. अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दारात बसला असता तीन अनोळखी माणसे दिसली, तर तो त्यांच्याकडे धावत गेला. इस्राएली लोकांना देवाने वारंवार बजावले की परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. इथे देवाने दिलेले कारण नीट पाहावे. परका गुणी आहे म्हणून त्याला घरात घ्या, असे तो सांगत नाही. तुम्ही स्वतः कधीतरी दाराबाहेर उभे होता, याची आठवण ठेवा, असे सांगतो. आपल्या आजींनी हेच केले. आणि रमाबाईंचे सारे आयुष्य याच आठवणीवर उभे आहे.

पाहुणचाराने कर्जबाजारी झालेले घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. पत्नीला संस्कृत शिकवायचे, एवढाच त्यांचा अपराध. स्त्रीने देववाणी शिकावी हे त्या काळी लोकांना सहन होईना. म्हणून त्यांनी गाव सोडले, अरण्यात घर बांधले आणि तिथे लक्ष्मीबाईंना शिकवले. पुढे याच आईने आपल्या लेकीला संस्कृतचे धडे दिले.

त्या अरण्यातल्या घराची कीर्ती पसरली. विद्यार्थी येऊन राहू लागले, यात्रेकरू मुक्काम करू लागले. शास्त्रीबुवा कोणालाही नाही म्हणत नसत. आल्यागेल्याला जेवण, राहणे, वाटखर्च, सगळे तेच पाहत. होता होता कर्ज झाले, जमीन गेली आणि शेवटी घरही सोडावे लागले. रमा तेव्हा सहा महिन्यांची होती. तिला एका वेताच्या पेटीत ठेवून, ती पेटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरवले. आयुष्याचा पहिला प्रवास तिने असा बेघर होऊन केला.

त्यानंतर हे कुटुंब कित्येक वर्षे तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत हिंडत राहिले. ज्यांनी शेकडो अतिथींना जेवू घातले, तेच आता लोकांच्या दारात अतिथी झाले. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. अनंतशास्त्रींची दृष्टी अधू झालेली. होते नव्हते ते विकून झाले. काही दिवस झाडपाल्यावर काढले. १८७४ साली आधी वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, पाठोपाठ मोठी बहीण गेली. आईच्या अंत्ययात्रेला खांदा देण्यासाठी माणसे मिळेनात. कसेबसे दोघे जण आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. तिची उंची इतरांना पुरेना, म्हणून आईची तिरडी तिने खांद्यावर न घेता डोक्यावर घेतली.

भावंडांपैकी श्रीनिवास आणि रमा हे दोघेच आता उरले. त्यांनी हजारो मैल पायी तुडवले. उत्तरेत झेलम नदीकाठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. देवळे होती, धर्मशाळा होत्या, गावे होती. तरीही दोन तरुण जिवांना पांघरायला वाळूच मिळाली. परकेपण म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

लूकचे शुभवर्तमान

१८७८ साली दोघे कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. नाव झाले, सत्कार झाले. पण १८८० साली श्रीनिवासचाही मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडचा समाज दुरावला. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. हिंदुस्थानात विधवेला जे भोगावे लागत होते, ते आता त्यांच्याही वाट्याला आले.

पतीसोबत आसामात सिलचरला राहत असताना त्यांच्या हाती संत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत आली होती. ख्रिस्ताशी त्यांची ही पहिली जवळची ओळख. मला यात परमेश्वराची योजना दिसते. कारण चारही शुभवर्तमानांत लूकचे पुस्तक म्हणजे जणू आतिथ्याचे पुस्तक. बाळ येशूला उतारशाळेत जागा मिळत नाही, ही गोष्ट लूकच सांगतो. वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला उचलून नेणारा शोमरोनी, घरी परतलेला उधळ्या मुलगा, जक्कयच्या घरचा मुक्काम, अम्माऊसच्या वाटेवरचा अनोळखी सोबती, हे सगळे आपल्याला लूकनेच दिले आहेत.

रमाबाई पुण्याला आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी हंटर आयोगापुढे साक्ष दिली. वैद्यकी शिकण्याच्या हेतूने १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकले नाही. वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी या धर्मभगिनींनी लंडनमध्ये एक घर चालवले होते. ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. आपल्या देशात अशा स्त्रीला कोणी उंबऱ्यालाही शिवू देत नाही, मग या बाया तिची सेवा का करतात, असा प्रश्न त्यांना पडला. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. विहिरीवर एकटी आलेली, परक्या जातीची, बदनाम झालेली ती स्त्री, आणि तिच्याजवळ पाणी मागणारा प्रभू. रमाबाईंना उत्तर मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लेकीसह स्नानसंस्कार स्वीकारला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. पुढे तर त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत पूर्णपणे बसल्या नाहीत. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही सिद्धान्तांच्या प्रश्नांवर त्यांचे मतभेद झाले. आश्रय दिला म्हणून माझी बुद्धीही तुमच्या स्वाधीन, असे त्यांनी मानले नाही. पण त्यांच्या जीवनात ख्रिस्ताचे जे दर्शन घडते, त्यासमोर आपण आदराने हात जोडावेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला इतर ख्रिस्ती बंधुभगिनींकडे याच नजरेने पाहायला शिकवले आहे.

शारदा सदन : उघडे दार आणि एक कठीण प्रश्न

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे त्यांनी हिंदू विधवांच्या दुःखावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली आणि बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला मदत करणारे मंडळ उभे राहिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. तिथे राहिलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, त्या कामात आनंदीबाईंनी मोठा भार उचलला. रमाबाईंच्या घरात पहिल्यांदा आसरा घेणारी स्त्री अशा रीतीने स्वतःच दुसऱ्यांना आसरा देणारी झाली.

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, प्रत्येकीने आपल्या धर्माप्रमाणे वागावे, असे ठरलेले होते. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी थोर माणसे होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार बंद करीत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणावर सक्ती नव्हती. परंतु पालक घाबरले, केसरीने कडक टीका केली, आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी अंग काढून घेतले. अनेक मुलींना घरचे लोक घेऊन गेले.

आपण ख्रिस्ती माणसे ही हकीकत सांगताना बहुधा एकच बाजू सांगतो. मला दोन्ही बाजू मांडाव्याशा वाटतात. रमाबाईंनी आपली श्रद्धा लपवायला हवी होती, असे मी म्हणणार नाही. यजमानाने आपले देवघर बंद करून ठेवावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. पण ज्यांनी विश्वासाने आपल्या मुली पाठवल्या, त्यांची भीतीही खोटी नव्हती. जो भुकेला आहे, बेघर आहे, त्याला नाही म्हणण्याचे बळ कमी असते. अशा माणसाला अन्न देताना त्यामागे एखादी न बोललेली अट असेल, तर ते आतिथ्य राहत नाही, तो व्यवहार होतो. याविषयी आपल्या धर्मसभेची शिकवण स्पष्ट आहे. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही दडपण आणू नये, असे व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात सांगितले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही २००५ च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात बजावले की प्रेमकार्य हे कोणाला आपल्या धर्मात ओढण्याचे साधन नव्हे. प्रेम फुकट असते.

आपण या जिल्ह्यात मूठभर आहोत. शेजारी सगळे वेगवेगळ्या धर्मांचे. म्हणून ही गोष्ट आपण विशेष जपली पाहिजे. आपल्या दारात येणाऱ्याला आपला क्रूस दिसावा, पण त्या क्रूसाची त्याला भीती वाटू नये.

केडगावची मुक्ती

अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांपुरतीच मदत कबूल केली होती. पुढे काम स्वतःच्या पायावर उभे राहावे म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर माळरान विकत घेतले, फळझाडे लावायला आणि विहिरी खणायला सुरुवात केली. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला.

मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या. रमाबाई घरात बसू शकल्या नाहीत. बावीस वर्षांपूर्वीची आपली उपासमार त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी गरीबखाने पाहिले, झाडाखाली पडलेली हाडांची सापळ्यासारखी लेकरे पाहिली. एकट्या पडलेल्या तरुण मुलींना फसवून नेणारे दलाल तिथे टपलेले होते. त्यांच्या आधी आपण पोहोचले पाहिजे, हे रमाबाईंनी ओळखले. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारी सोबत होत्या. पैशाची पुरेशी तरतूद नसताना सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या.

त्याच वेळी पुण्यात प्लेग सुरू झाला. नव्या मुलींना शहरात ठेवण्यास सरकारने मनाई केली. मग केडगावच्या शेतातच तंबू ठोकले, कुडाच्या झोपड्या बांधल्या आणि मुक्तीचा संसार सुरू झाला. आलेल्या मुलींची स्थिती भयंकर होती. अंगावर फोड, डोक्यात उवा, पोटात रोग. काही वाचल्याच नाहीत. काही इतक्या बिथरलेल्या होत्या की पळून जात. आतिथ्य म्हटले की आपल्याला हसतमुखाने पाणी पुढे करणारी गृहिणी दिसते. प्रत्यक्षात ते घाणीचे, जागरणाचे आणि पुष्कळदा कृतघ्नता सोसण्याचे काम असते, हे केडगावला पाहायला मिळते.

१८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी गुजरात आणि राजपुतान्यातून आणखी हजाराहून अधिक जणींना आणले. मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. एवढ्या माणसांना रोज दोन वेळा जेवण, कपडे, औषध, शिक्षण. ज्या घरात पूर्वी मुख्यतः उच्चवर्णीय विधवांची सोय होती, आणि त्यांच्या सोवळ्याओवळ्यासाठी जिथे वेगळा स्वयंपाक होई, त्याच रमाबाईंच्या मुक्तीत आता सर्व जातींच्या मुली एका पंगतीला बसू लागल्या.

त्यानंतर दार आणखी रुंद झाले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. मनोरमा स्वतः ब्रेल लिपी शिकली आणि त्यांना वाचायला शिकवू लागली. म्हाताऱ्या व अपंग स्त्रियांसाठी घर झाले, लहान मुलग्यांसाठीही झाले. प्रत्येक वेळी रमाबाईंच्या दारात कोणीतरी असे येऊन उभे राहिले, ज्याच्यासाठी आधीच्या घरात जागा नव्हती, आणि प्रत्येक वेळी त्यांनी त्या माणसाला परत पाठवण्याऐवजी घर वाढवले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुक्तीत कोणी कायमची पाहुणी राहिली नाही. शेती, विणकाम, शिवण, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, छापखाना, प्रत्येकीला काहीतरी काम आणि काहीतरी शिक्षण. आधी आलेल्या मुली शिक्षिका झाल्या आणि मागून येणाऱ्यांना सांभाळू लागल्या. जिला काल भरवावे लागत होते, ती आज दुसरीला भरवू लागली. दान देऊन माणसाला कायमचे खाली बसवणे सोपे असते. त्याला आपल्या शेजारी उभे करणे म्हणजे खरे आतिथ्य.

आपल्या भागाशीही या कार्याचा संबंध आला. १९१२-१३ च्या सुमारास गुलबर्ग्याला मुलींची शाळा निघाली आणि मनोरमाबाईंनी तिथे काम केले. गुलबर्गा आणि आपला जिल्हा तेव्हा एकाच निजामी राज्यात होते. उमरग्यापलीकडे सीमा ओलांडली की तो जिल्हा आजही आपला शेजारी आहे.

शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ज्यांना जड संस्कृत शब्द कळत नाहीत, अशा साध्या बायकांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. हेही आतिथ्यच. ज्या देववाणीसाठी त्यांच्या आईला अरण्यात जावे लागले, तिच्या या पंडितेने देवाच्या वचनाचे दार अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईसाठी उघडले. छपाईचे कामही मुक्तीतल्या मुलींनीच केले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ती अवघी चाळीस वर्षांची होती. एकुलती एक लेक, कार्याची वारस. रमाबाईंनी ते दुःख गिळले आणि भाषांतर पूर्ण केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही केडगावला डोळे मिटले. रक्ताचे जवळचे असे कोणी मागे राहिले नव्हते. पण शेकडो मुली आई गेली म्हणून रडल्या.

आपण काय करणार?

सेमिनरीत आम्हांला लेविनास नावाचा एक ज्यू तत्त्वज्ञ शिकवला होता. नाझींच्या अत्याचारात त्याने आपले आप्त गमावले. त्याचे म्हणणे असे की समोर आलेल्या माणसाचा चेहराच माझ्यावर जबाबदारी टाकतो. मी विचार करून ती घ्यायची की नाही हे ठरवण्याआधीच ती माझ्यावर येऊन पडलेली असते. परीक्षेत मी यावर चांगले गुण मिळवले. त्या पावसाळी रात्री फाटकापाशी चार चेहरे होते आणि मी किल्लीबद्दल खोटे बोललो.

आपला जिल्हा आतिथ्याला नवखा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आपले तेर, त्या वेळचे तगर, इतके मोठे व्यापारी गाव होते की त्याचे नाव ग्रीक दर्यावर्दीच्या पुस्तकात सापडते. दूरदूरची माणसे इथल्या बाजारात आली. कोजागरीच्या दिवसांत तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांना वाटेवरची माणसे चहा-फराळ देतात, पाय शेकायला गरम पाणी देतात. कोणाचे आडनाव विचारत नाहीत. आपण हे पाहतो आणि कौतुक करतो. पण आपल्याच चर्चमध्ये नव्याने आलेले एखादे कुटुंब कित्येक रविवार शेवटच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपल्यावर कोणाशी न बोलता निघून जाते, हेही मी पाहतो. मिस्सात आपण एकमेकांना शांती देतो, तेव्हा हात बहुधा ओळखीच्या माणसाकडेच जातो.

प्रभू येशूने न्यायाच्या दिवसाचे वर्णन केले, त्यात तो आपल्या तत्त्वज्ञानाविषयी काही विचारत नाही. मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले की नाही, याचाच तो हिशेब मागणार आहे. अम्माऊसच्या त्या दोघा शिष्यांनी अंधार पडला म्हणून अनोळखी सोबत्याला आग्रहाने आत बोलावले. पाहुणा म्हणून बसलेल्या त्यानेच भाकर हाती घेऊन मोडली, आणि यजमान त्याचे पाहुणे झाले. त्यांनी दारातूनच निरोप दिला असता, तर पुनरुत्थित प्रभू त्यांच्या घरावरून पुढे निघून गेला असता. माझ्या फाटकावरून त्या रात्री कोण पुढे गेले, याचा मी अजून विचार करतो.

या आठवड्यासाठी तीन साधे संकल्प सुचवतो.

१. आपण किंवा आपले आईवडील कधी परके होतो, कोणी आपल्याला हात दिला, ही आठवण आज रात्री जेवताना मुलांना सांगावी.

२. पुढच्या रविवारी मिस्सानंतर, ज्यांचे नाव आपल्याला माहीत नाही अशा एका तरी व्यक्तीशी बोलावे आणि तिचे नाव विचारावे.

३. कामासाठी बाहेरून आलेली जी कुटुंबे आपल्या वस्तीजवळ राहतात, त्यांपैकी एकाला काय अडचण आहे ते पाहावे. मदत करावी ती कोणतीही अट न घालता.

माझ्याकडूनही एक बदल झाला आहे. हॉलची किल्ली आता खिळ्यावर नाही, फाटकाजवळच्या खोलीत आहे. व्हरांड्यात दोन सतरंज्या आणि दोन वाकळा ठेवल्या आहेत. त्यांतली एक वाकळ आजींनी दिली आहे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, बेथलेहेमात तुला जागा मिळाली नाही, तरी तू आमच्यामध्ये राहायला आलास. आमच्या दारात तू कोणत्या रूपात उभा राहशील हे आम्हांला ठाऊक नाही. आमची भीती काढून टाक. आम्ही स्वतः परके होतो त्या दिवसांची आठवण आम्हांला दे. केडगावच्या माळावर अनाथांची आई झालेल्या तुझ्या सेविकेसारखे मोठे मन आम्हांला दे, म्हणजे जागा अपुरी पडली तर आम्ही माणसे परत पाठवणार नाही, घर वाढवू. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
आपला धर्मगुरू